अण्णांचा शत्रू

अण्णा रस्त्यानं नेहमी कुणाच्या तरी मागून चालत. आपण बोलत बोलत पुढे जावं आणि वळून पाहावं, तर अण्णा चार पावलं मागे, मान तिरकी करून आपल्या पाठीकडे बघतायत. ओळखीची माणसं याला सरावली होती. अनोळखी मात्र थांबायची, खिसे चाचपायची, आणि मग वाद व्हायचा.

एकदा बंगळूरच्या शिवाजीनगर बसथांब्यापासून ते एका जवानाच्या मागे लागले. उंचापुरा शीख जवान, कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर घट्ट बांधलेली हिरवी पगडी. अण्णा त्याच्या मागे आणि कापडी पिशवी सांभाळत मी अण्णांच्या मागे. भाजीबाजार आला तसा जवान गर्रकन वळला.

“क्या बात है?”

“कुछ नहीं, भाईसाब. पगडी का पिछाडी देखता है,” अण्णा म्हणाले.

जवानानं माझ्याकडे पाहिलं. हा माणूस सज्जन आहे हे त्याला कसं पटवावं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, “ये दाँत का काम करता है.”

“दाँत का? तो पीछे से क्या देखता है?”

यावर अण्णांनाच हसू फुटलं. जवानही हसला. तो हसला तेवढ्यात अण्णांनी त्याचं तोंड पाहून घेतलं. “ऊपर का दाढ सडता है तुम्हारा. छावनी में दिखा लो,” असं सांगून ते पगडीची मागची घडी बोटानं हवेत गिरवत पुढे चालू लागले.

अण्णा दातांच्या कवळ्या बनवत. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा पाठवत आणि अण्णा त्यावरून वरची, खालची, जशी हवी तशी कवळी करून देत. शिवाजीनगरातल्या एका बोळात त्यांची अरुंद खोली होती. कन्नडात दाताला हल्लु म्हणतात, म्हणून सगळा बोळ त्यांना हल्लु अण्णा म्हणे. पण दात हा त्यांच्या पोटाचा उद्योग. जीव होता तो सैन्यात. चामराजपेटच्या घरी, मागच्या खोलीत, अण्णांची शिशाची फौज होती. अंगठ्याएवढे सैनिक, घोडेस्वार, तोफा, बैलगाड्या, पाणक्यासुद्धा. ही फौज कपाटात ठेवायची नव्हती, टेबलावर लढवायची होती.

ते जुन्या बंगळुरी मराठ्यांपैकी. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी विरघळलेली की पहिले काही महिने मला निम्मं कळत नसे. घराण्याचा विषय निघाला की ते म्हणत, “तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर आलो आम्ही. फौज पुढे गेली. आमच्या मूळपुरुषाचा घोडा लंगडला. तो बरा व्हायची वाट बघतोय अजून, दुसरं काय?”

मी आलो तो असा कुठल्या फौजेबरोबर नाही. आठवीत वडील गेले आणि शाळा सुटली. गावाकडची पोरं मुंबईला जात, पण मला मुंबईच्या नावानंच धडकी भरे. गावातला एक जण बंगळूरला बेकरीत होता, त्याच्या ओळखीनं इथे आलो आणि भट्टीवर लागलो. भाषा येईना, माणसं कळेनात. कुणी मोठ्यानं बोललं की मला वाटे आपल्यालाच बोलतायत. विशी ओलांडली तरी हे गेलं नव्हतं. एक दिवस दाढ ठणकायला लागली. पाटीवरचं कन्नड वाचता येत नव्हतं, पण पाटीवर दात काढलेला होता, म्हणून अण्णांच्या खोलीत शिरलो.

“इथे दात बसतात, निघत नाहीत,” ते कन्नडात म्हणाले. मला कळलं नाही. मी आपला “दुखतंय हो,” म्हणालो, तशी त्यांनी मान वर केली. “अरे, आपला काय तू? बस, बस. स्वल्प थांब.”

त्यांनी लवंगेच्या तेलाचा बोळा दिला आणि हातातलं काम संपवू लागले. मी बाकावर बसून थरथरत होतो. समोर गुलाबी मेणाचा एक तुकडा पडला होता, तो नकळत उचलला आणि बोटांत फिरवत राहिलो. अण्णा माझ्यापाशी आले तेव्हा त्या मेणाचा बैल झाला होता. वशिंड, शिंगं, गळ्यातली घंटासुद्धा.

त्यांनी बैल तळहातावर घेऊन आधी त्याची पाठ पाहिली. मग म्हणाले, “तू घाबरतोस. तुझी बोटं नाही घाबरत.”

पुढच्या महिन्यात मी भट्टी सोडून त्यांच्याकडे कामाला लागलो. आज मी त्याच धंद्यावर घर चालवतो. आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नाही आणि बोलून लगेच कामाला लावलं नाही.

दातांची आणि सैनिकांची रीत एकच. आधी मेण कोरायचं, मग त्याभोवती प्लास्टर ओतून दोन भागांचा साचा करायचा, मेण वितळवून काढायचं, आणि त्या पोकळीत जे हवं ते भरायचं. कवळीला एक द्रव्य, सैनिकाला दुसरं. अण्णा सैनिकासाठी शिसं आणि कथील एकत्र वितळवत. साचा उघडला की ते म्हणत, “दात काय, शिपाई काय, रांगेत नीट उभे राहिले की आपलं काम झालं.” कवळीच्या कामातली बारीक कानस सैनिकाच्या तलवारीला चाले. ठशाचं उरलेलं प्लास्टर किल्ल्याच्या तटाला जाई. एकदा एका घोडेस्वाराच्या ढालीला छान हस्तिदंती रंग आला होता. मी विचारलं, हा रंग कुठला? “तो रंग नव्हे,” अण्णा म्हणाले, “एका वकिलाची दाढ उरली होती.”

रंगवताना मात्र थट्टा नसे. खारीच्या केसांचा कुंचला, काचेच्या तुकड्यावर थेंब थेंब घेतलेले रंग, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. सैनिकाचा पुढचा भाग मी झटकन रंगवला आणि पाठ जेमतेम उरकली, तर ते तो परत माझ्यापुढे ठेवत. “शत्रूला तो पुढून दिसतो रे. पण त्याच्या सेनापतीला काय दिसतं? पाठ! ज्यानं याला लढायला धाडलं, त्याला आयुष्यभर याची पाठच बघायची आहे. ती नीट कर.” तेव्हा कळलं, रस्त्यात ते माणसांच्या मागून का चालतात.

डोळे सगळ्यांत शेवटी. शिवणाच्या सुईच्या टोकानं. त्याआधी सैनिक चार वेळा तपासायचा. “डोळे दिले की तो आपल्याकडे बघायला लागतो. मग चूक दिसली तरी खरवडायचा धीर होत नाही,” असं ते म्हणत. डोळे नसलेल्या सैनिकांना ते ‘उमेदवार’ म्हणत आणि डोळे आलेल्यांना ‘भरती झाला’ म्हणत. लढाईत पडलेल्याला मेला म्हणायची त्या घरात सोय नव्हती. टेबलावरून उचलायचा, कापूस घातलेल्या पेटीत ठेवायचा, आणि म्हणायचं, “दवाखान्यात गेला.”

कापसावरून आठवलं. त्या खेळात कापसाचं जे महत्त्व होतं, ते माझ्या मूर्खपणामुळे.

अण्णांच्या मनात एकदा फौजेत हत्ती घ्यायचं आलं. मेणात कोरण्याआधी नमुना हवा, म्हणून ते मला म्हणाले, “शेट्टींच्या दुकानात दसऱ्याच्या बाहुल्यांतले हत्ती मिळतात. चार घेऊन ये.” शेट्टींकडे टाचणीपासून कंदिलापर्यंत सगळं मिळे. मी तोवर मोडकंतोडकं कन्नड शिकलो होतो आणि ते वापरायची मला हौस होती. मी गेलो आणि म्हटलं, “हत्ती बेकु. नाल्कु.” म्हणजे हत्ती हवेत, चार. शेट्टींनी आदरानं विचारलं, “हल्लु अण्णांना ना?” मी म्हटलं, हो, हो. त्यांनी निळ्या कागदात गुंडाळलेल्या चार जाडजूड गुंडाळ्या दिल्या. मला वाटलं, हत्ती फुटू नयेत म्हणून केवढं बांधून दिलंय!

घरी कागद सोडला. आत कापूस. दुसऱ्यात कापूस. तिसऱ्यात कापूस. चौथा सोडायची माझी छाती होईना.

अण्णा काही क्षण बघत राहिले आणि मग इतके हसले की आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, पीठ भरल्या हातानं धावत आल्या. कन्नडात हत्ती म्हणजे कापूस. आणि दातवाल्याकडचा माणूस कापूस नाही मागणार तर काय मागणार? शेट्टींचं काहीच चुकलं नव्हतं.

“मी परत देऊन येतो,” मी रडवेला होऊन म्हणालो.

“बेडा, बेडा! नको! आलेली कुमक परत पाठवतात काय?” अण्णांनी एका गुंडाळीतून चिमूटभर कापूस उपसला, बोटांनी पिंजला आणि एका तोफेच्या तोंडाला चिकटवला. तोफ नुकतीच उडाल्यासारखी दिसू लागली. धूर! अक्कासुद्धा “अय्यय्यो” म्हणाल्या. त्या दिवसापासून नियम झाला. तोफ डागली की तिच्या तोंडाला कापूस लावायचा, आणि कापूस लावलेली तोफ पुढचा डाव होईपर्यंत मुकी. बाहेरून कुणी खेळ बघायला आलं तर अण्णा सांगत, “हा नियम आमच्या सदाशिवानं आणला. चार हत्तींवर बसवून.”

आता अण्णांच्या शत्रूबद्दल सांगतो. तो व्हाइटफील्डला राहत असे. रेल्वेतून निवृत्त झालेला अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हर. आम्ही त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत असू. तेव्हा व्हाइटफील्ड म्हणजे शहराबाहेरचं झाडीतलं गाव, कौलारू बंगले आणि संध्याकाळी बागेत पाणी घालणारी म्हातारी जोडपी. तिथून साहेब महिन्यातल्या एका रविवारी गाडीनं येत, डोक्यावर टोपी, हातात केकचा डबा. अण्णा त्यांची ओळख करून देत ती अशी, “हे माझे शत्रू.”

दोघांची ओळख साहेबांच्या कवळीवरून झालेली. कवळी बसवताना साहेबांना कपाटावर वाळत ठेवलेले सैनिक दिसले. त्यांनीही तरुणपणी कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरी असला खेळ पाहिला होता. झालं! जुना दरवाजा दोन खोक्यांवर आडवा टाकून त्यावर हिरवं रंगवलेलं गोणपाट अंथरलं, खाली पाट सरकवून टेकड्या केल्या, निळ्या पत्र्याची नदी वाहवली. साहेबांची लाल डगल्यांची इंग्रजी पलटण, अण्णांची मराठी फौज. पायदळाची चाल एक वीत, घोड्याची दोन. मारा किती लागला ते फासे सांगत. दोन्ही सैन्यं अण्णांनीच ओतली आणि अण्णांनीच रंगवली. साहेबांची बटणं तर त्यांनी आपल्या फौजेपेक्षा जास्त निगुतीनं केली होती. “शत्रू कच्चा असला तर जिंकून मिळवलं काय?” असा त्यांचा हिशेब.

इतिहासातली लढाई ते कधी खेळले नाहीत. “घडलेली लढाई कशाला? तिचा निकाल लागलाय. न घडलेली खेळायची.”

भांडणं मात्र खरी होत. “अन्ना, तुम्हारा घोडा फिर पीछे से आया, मॅन! ये जेंटलमन का लडाई नहीं!” साहेब टेबलावर हात आपटत. “साब, तुम इंजिन चलाया ना, इसलिए सीधा देखता है. घोडे को पटरी नहीं होता,” अण्णा म्हणत. साहेबांची नजर खरोखरच पुढे असे. अण्णांचे स्वार टेकडीला वळसा घालून मागून येत आणि साहेब दर वेळी फसत. पण समोरून त्यांची पलटण सरकायला लागली की अण्णांच्या कपाळावर घाम यायचा. कधी हे जिंकत, कधी ते. मग अक्कांच्या हातची कॉफी आणि साहेबांचा केक खात दोघं पुन्हा तीच लढाई तोंडानं लढत.

तीन-चार वर्षांनी साहेबांच्या मुलीनं त्यांना ऑस्ट्रेलियाला बोलावून घेतलं. व्हाइटफील्डमधली अशी बरीच घरं तेव्हा बंद होत होती. निघण्याआधी साहेब आले आणि आपली लाल पलटण त्यांनी पेटीत भरून अण्णांपुढे सरकवली. शिसं जड, बोटीच्या सामानात किती नेणार? “अन्ना, ये सब तुम्हारा प्रिजनर. खाना बराबर देना, मॅन,” असं म्हणून ते हसले आणि मग चष्मा पुसत बसले. छावणीच्या स्टेशनावर आम्ही पोचवायला गेलो. साहेबांनी सलाम ठोकला, अण्णांनी हात जोडले. परतताना अण्णा एकच वाक्य बोलले. “शत्रू मेला तर माणूस सुतक पाळतो. शत्रू गाव सोडून गेला, तर काय पाळायचं?”

त्यानंतर त्यांचा कुंचला थांबला.

कवळ्या चालू होत्या. पण घरी आले की ते मागच्या खोलीत जात, दाराशी उभे राहत आणि परत येत. रंगाच्या डब्यांत साय धरली. साच्यात एक घोडेस्वार अर्धवट राहिला होता, तो तसाच राहिला. रस्त्यात ते आता माझ्या बरोबरीनं चालू लागले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “माणूस भिंतीकडे बघत बसतोय रे. तू तरी काही कर.”

मी काय करणार? मी अण्णांना म्हटलं, “साहेबांच्या बाजूनं मी खेळू का?”

त्यांनी लगेच पेटी उघडली. मला वाटलं, जमलं.

पहिल्या रविवारी मी हरलो. दुसऱ्या वेळी हरलो. तिसऱ्यांदाही हरलो. हे हरणं सोपं नव्हतं, मेहनतीनं साधलेलं होतं. ज्यांनी मला भट्टीवरून उचलून माणसात आणलं, हातात धंदा दिला, ताटात आपल्या बरोबरीनं वाढलं, त्यांना मी हरवू? हात उचलेना. जिंकण्याची वेळ आली की मी हळूच पलटण चुकीच्या बाजूला वळवायचो आणि अण्णा जिंकले की मोठ्यानं “वा!” म्हणायचो. पण दर लढाईनंतर ते आधीपेक्षा गप्प होत गेले. जिंकून माणूस असा उतरतो हे मी प्रथमच पाहत होतो.

पुढच्या खेळात त्यांचे हत्ती, हो, ते त्यांनी पुढे स्वतःच कोरले होते, थेट माझ्या तोफांसमोर आले. डागायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. मी फासे टाकलेच नाहीत. अण्णा चष्मा पुसत होते, तेवढ्यात मी दोन्ही तोफांना कापूस लावून टाकला.

अण्णांनी चष्मा घातला. तोफांकडे पाहिलं. मग वाकून, चिमटीनं, एकेका तोफेचा कापूस काढला.

“या डागल्या नाहीत.”

मी तोफेचं चाक उगाच सरळ करू लागलो.

“मी बहिरा आहे काय रे? फासे वाजले नाहीत. किती दिवस चाललंय हे?”

“अण्णा, तुमचे उपकार…”

“उपकार!” ते कडाडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “मी तुला पगार देतो तो दातांचा. हरायचा वेगळा देऊ? अरे, समोर भिंत असली तर ती निदान खोटं तरी बोलत नाही. तू वाकून नमस्कार घालत लढतोस. तुझ्याशी लढण्यापेक्षा मी ती पेटी विहिरीत टाकीन.” आणि खरोखरच ते लाल पलटण पेटीत भरायला लागले. कुणाला दवाखान्यात न पाठवता, नुसते ओंजळीनं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मी त्यांच्या भल्यासाठीच करत होतो, अक्का.”

“त्यांना नुसतं जिंकायचं असतं तर ते माझ्याशी खेळले असते,” अक्का म्हणाल्या. “मला फासेसुद्धा टाकता येत नाहीत.” त्यांनी टरफलांचं सूप बाजूला सारलं. “जा. सांग, पुढच्या रविवारी येतो म्हणून. आणि येशील तो पाहुणा म्हणून येऊ नकोस.”

तो आठवडा मी नीट जेवलो नाही. आता हरलो तर अण्णांना वाटणार, पुन्हा मुद्दाम. म्हणजे खेळ संपला, पेटी बंद, ते परत भिंतीपुढे. आणि जिंकलो तर? त्याचा विचार करायची माझ्या मनाला सवयच नव्हती.

रविवारी अण्णांनी न बोलता पट मांडला. टेबलाच्या माझ्या बाजूला गाव आणि त्यावर निशाण. संध्याकाळच्या कॉफीपर्यंत मी ते राखायचं, त्यांनी घ्यायचं. मी माझी माणसं लावली. मुळात मी भित्रा. रात्री कडी लावली की नाही ते दोनदा उठून बघणारा. त्यामुळे पुलावर माणसं लावली तरी नदीच्या उथळ उताराची काळजी, उतारावर लावली तरी गवताच्या गंजीची. टेकडीच्या मागे, जिथे साहेबांनी कधी एक माणूस ठेवला नव्हता, तिथेही मी थोडे बंदूकवाले बसवले. खरं सांगायचं तर ते तिथे मी दर वेळीच बसवत असे. अण्णांचे स्वार येताना दिसले की गुपचूप काढून घेत असे, एवढंच.

अण्णांनी पायदळ पुलावर आणलं, हत्ती उतारात घातले. माझी धांदल उडाली. आणि मग, नेहमीप्रमाणे, त्यांचे सगळे स्वार टेकडीला वळसा घालून निघाले. दोन विती. आणखी दोन विती. माझा हात सवयीनं त्या बंदूकवाल्यांकडे गेला. बोटं त्यांच्या डोक्यावर टेकली. अण्णा टेबलाकडे पाहत नव्हते, माझ्या हाताकडे पाहत होते.

मी हात मागे घेतला. फासे उचलले आणि टाकले.

चांगले पडले. पुढच्या डावातही चांगले पडले. अण्णांची दौड टेकडीच्या मागे, गवताच्या गंजीपाशी, मोडली. एकेक स्वार उचलून मी कापसाच्या पेटीत ठेवला. अक्कांनी कॉफी आणली तेव्हा निशाण जागेवर होतं.

अण्णा टेबलाभोवती फिरले. माझ्या बाजूला येऊन वाकले, माझ्या जागेवरून सगळं पाहिलं. “तिथे कशाला ठेवली होती माणसं?”

“भीती वाटली म्हणून.”

“कशाची?”

“काही ठरावीक नाही. सगळ्याचीच.”

ते “हं” म्हणाले. कॉफी प्यायले. चांगलं खेळलास असं म्हणाले नाहीत, पाठ थोपटली नाही. मी घरी आलो तो पुन्हा काळजीत. अण्णा दुखावले की काय?

त्यानंतर अण्णा बरीच वर्षं होते. आम्ही किती लढाया खेळलो त्याला मोजदाद नाही. जास्त त्यांनीच जिंकल्या, पण मी एकही फुकट दिली नाही. शेवटच्या आजारात हाताला कंप सुटला तेव्हा फासे ते टाकत आणि त्यांची माणसं मी हलवी, ते सांगतील तिथे, माझ्याच विरुद्ध. ते गेले त्या दिवशी मी रडलो तितका वडिलांसाठीही रडलो नव्हतो. तेव्हा मी लहान होतो, काय गेलं ते कळलं नव्हतं. पण अण्णा म्हटलं की मला ते आजारपण आठवत नाही. मी जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

सोमवार होता. दुकान नऊला उघडे. मी बोळामागच्या माझ्या खोलीत स्टोव्ह पेटवून भाताचं आधण ठेवलं होतं. नीट उजाडलंही नव्हतं आणि दारावर थाप पडली. दारात अण्णा. गळ्यात मफलर, पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला. चामराजपेटहून पहिली बस धरून आले होते. माझ्या खोलीवर ते याआधी कधी आले नव्हते.

“हत्ती आधी पुलावर घातले असते तर?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“तर पूल गेला असता,” मी म्हटलं. तोंडून निघूनच गेलं. “पण पुलामागे तोफ होती.”

“ती तोफ मला दिसली नाही!”

“घराआड होती.”

“छे, छे, छे.” ते आत येऊन माझ्या ट्रंकेवर बसले. त्यांच्या नखांत ताजा पिवळा रंग होता. डब्यावरची साय फोडून रात्रीच बसले होते तर! “हे बघ, सदाशिव. त्या लाल पलटणीनं तू खेळायचं नाही. ते साहेबाचे कैदी आहेत, आपल्याला सांभाळायला दिलेत. तुझी फौज वेगळी पाहिजे. मेण तू कोर, ओतू दोघं. डगल्यांचा रंग कुठला, सांग.”

“तुम्ही म्हणाल तो.”

“शत्रूला विचारून कुणी रंग ठरवतं काय रे? हिरवा घे. निळा घे.”

मी खोलीभर पाहिलं. आईनं गावाकडच्या माणसाबरोबर पाठवलेली आमसुलं सारासाठी वाटीत भिजत घातली होती. पाणी गर्द झालं होतं, लाल नाही, जांभळं नाही, रातांब्याचं असतं तसं. रातांबे फोडण्याच्या दिवसांत आईचे हात कोपरापर्यंत त्या रंगाचे असत. मी वाटी उचलून अण्णांपुढे धरली.

“हा.”

अण्णांनी वाटी खिडकीपाशी नेली. उजेडात तिरकी करून पाहिली, बोट बुडवून मनगटावर ओढलं, वाळेपर्यंत थांबले.

“हा डब्यात मिळत नाही. मिसळून मिसळून करावा लागेल, महिना जाईल,” ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. “असल्या रंगाची फौज कुठल्या राजाची होती रे?”

“माझी,” मी म्हटलं.

अण्णांनी वाटी खाली ठेवली आणि मफलर सोडला.

“घोडे किती?”